अर्ध्या डब्यातली रेघ

किसन, तुझ्या तेराव्याला पाणी कमी पडलं. सांगितलेला टँकर सोयगावच्या अलीकडंच कुणीतरी अडवून रिकामा करून घेतला. दुसऱ्या पंगतीला हात धुवायला पाणी नाही म्हटल्यावर तुझे चुलते ओशाळून इकडंतिकडं बघायला लागले. मग तुझ्या लतानं आतून डबा आणला. आपला डबा. तो जाड, पारदर्शक प्लास्टिकचा, गुडघ्याएवढा उंच. त्यात तिनं घरातलं पिण्याचं पाणी साठवून ठेवलं होतं. त्यातून तांब्या तांब्या करून ती लोकांच्या हातावर बारीक धार धरत होती. तू असतास तर धार आणखी बारीक कर म्हणाला असतास. तुझ्या चिक्कूपणाला अखेर तुझ्याच गावानं साथ दिली.

जेवण झाल्यावर लोक बोलले. तू कसा गुणी, कसा मेंढपाळाच्या घरातून शिकून शहरात हॉस्पिटलात फिजिसिस्ट झालास, वगैरे. एकानं तर तुला मितभाषी म्हटलं. मितभाषी! एम. एस्सी.च्या पहिल्या दिवसापासून माझं डोकं खाणारा तू. फुलंब्रीच्या बागायतदाराची पोरगी म्हणून मला 'पाटलीणबाई' म्हणून चिडवणारा तू. मी ऐकून घेतलं. तेराव्याला वाद घालू नये म्हणतात, आणि ज्याच्याशी घालायचा तो तर नव्हताच.

मी निघाले तेव्हा लतानं मला दाराबाहेर गाठलं. रडत नव्हती. म्हणाली, "ताई, एक विचारायचं व्हतं. आपण मशीन बंद केली ते चुकलं का वो?"

मशीन म्हणजे तुझी किरणांची ट्रीटमेंट. ती तू अर्ध्यावर सोडलीस आणि गावी आलास. घरात सगळे नको म्हणत असताना लता एकटी तुझ्या बाजूनं उभी राहिली, हे मला माहीत होतं. आता चुलत्यांच्या घरात कुजबुज सुरू झाली होती की बाईनं घरी आणला, नाहीतर वाचला असता. तिनं डॉक्टरांनाही फोन केला होता. ते भले माणूस. म्हणाले, आता त्याचा विचार करू नका. त्यांनी मायेनंच सांगितलं, पण तिला ते उत्तर वाटलं नाही.

"तुमच्याकडं त्यांचे शेवटचे फोटू हायेत ना? ते म्हणले व्हते, नंदाकडं दिलेत, ती बघंल."

होते. पर्सच्या आतल्या कप्प्यात, पेनड्राइव्हमध्ये. तू दिलास त्या दिवसापासून मी तो उघडला नव्हता.

मी तिला पुढच्या आठवड्यात शहरात ये म्हणाले आणि गाडीत बसले. घाटातून वर येईपर्यंत तुझ्यावर चिडले होते. मेल्यावरही माणसाच्या गळ्यात काम मारायची तुझी खोड गेली नाही.

लताला मी गाडीत बसता बसता जे समजावून सांगितलं ते तुला सांगायला नको, पण लिहिते, कारण कुणाला समजावताना मला तुझाच आवाज येतो. एका एक्स-रेत काय दिसतं? सावली. पुढच्या फासळ्या, मागच्या फासळ्या, काळीज, सगळं एकावर एक. पण माणसाभोवती फिरत अशा शेकडो सावल्या घेतल्या, आणि प्रत्येक वेळी किरणांचा दिवा कुठं होता आणि समोरचा पडदा कुठं होता हे नेमकं सांगितलं, तर त्यातून आतलं सगळं पुन्हा मांडता येतं, जाडीसकट, खोलीसकट. त्यासाठी कॉम्प्युटरवर चालणारं एक फुकटचं साधन मिळायचं. त्याला बटण नाही, चित्र नाही. काळ्या खिडकीत हुकूम टाइप करायचा: सावल्या इथं आहेत, दिव्याचा आणि पडद्याचा हिशेब त्या फाइलीत आहे, निकाल तिकडं ठेव. एक टिंब चुकलं की ते इंग्रजीत करवादायचं. मला त्याचा राग यायचा. तुला ते लई आवडायचं. "बटण दाबणाऱ्याला नुसता निकाल कळतो, नंदा. हुकूम देणाऱ्याला आपली चूक कळती."

आपल्या कॉलेजच्या मागच्या खोलीत, शिसं लावलेल्या दाराआड, तो जुना एक्स-रे संच आपण उभा केला ती दुष्काळाची वर्षं होती. नळाला आठवड्यानं पाणी, तेही गढूळ. आणि तरी चिकलठाण्याकडं इमारतीवर इमारत चढत होती. त्यांच्या फलकांवर निळाशार पोहण्याचा तलाव असायचा. तू स्कूटर थांबवून ते फलक वाचायचास आणि हसायचास. आपलं स्वप्न त्यामानानं साधं होतं. एक स्वस्तातलं यंत्र, तालुक्याच्या दवाखान्यात परवडेल असं, म्हणजे सोयगावच्या माणसाला छातीचं आतलं बघायला जिल्ह्याला यावं लागू नये. स्वप्नाला पैसे पडत नाहीत म्हणून आपण बघितलं.

माणूस ठेवायच्या आधी फिरत्या पाटावर पाण्याचा डबा ठेवून तपासायचं, हा नियम. पाणी जसं असतं तसं चित्रात आलं तर यंत्र बरोबर. पण आपला डबा काही बरोबर येईना. चष्मा काढल्यावर दिसते तशी त्याची कड दुहेरी यायची. मी म्हणायची, तुझी हिशेबाची फाइल चुकली. तू म्हणायचास, तुझा पडदा तिरका बसलाय. डब्याचा तळ सावलीत तिरका दिसायचा हे दोघांनाही मान्य होतं. पण तळ तिरका की पडदा तिरका, यावर आपण किती दिवस भांडलो कुणास ठाऊक.

डबा भरायला शुद्ध पाणी लागायचं, बॅटरीत घालतात ते. ते आणायला तू जायचास आणि दुकानातल्या चाचाला विचारायचास, "चाचा, वापरेला पानी वापस लेते क्या?" त्या उन्हाळ्यात तू डबा अर्धाच भरलास. मी बघितलं आणि ओरडले. असा डबा कुणी भरत नाही, कुठल्याच पुस्तकात नाही. तू शांतपणे म्हणालास, "किरण खालूनच जायलेत. वरचं पाणी कायला पायजे? लोकाला प्यायला नाय." उरलेला कॅन तू घरी कूलरमध्ये ओतलास, हे लतानं मला नंतर सांगितलं.

आणि त्याच अर्ध्या डब्यानं आपल्याला सोडवलं. हुकूम द्यायच्या आधी तू प्रत्येक सावली एकेक करून बघायचास. संध्याकाळी मेंढरं वाड्यात घेताना तुझा बाप दारात उभा राहून एकेकाचा पाय बघायचा, तशी. मला त्या वेळकाढूपणाचा कंटाळा यायचा. त्या दिवशी तू बघता बघता थांबलास आणि मला हाक मारलीस. पाण्याची वरची रेघ प्रत्येक सावलीत आडवी, सरळ. डब्याचा तळ मात्र तिरका. पडदा तिरका असता तर दोन्ही तिरके दिसले असते. म्हणजे पडदा सरळ होता आणि टेबलच कललेलं होतं. एका पायाखाली आपणच कधीतरी फरशीची कपची सरकवली होती, टेबल डुगडुगतं म्हणून. तू ती काढलीस, खिशात घातलीस आणि म्हणालास, "पाणी खोटं बोलत नाय, नंदा."

"तू तर पाण्याचा वकील," मी म्हणाले. पण त्या दिवशी मी तुला चहा पाजला, हेही खरं आहे.

मग आपण खाटकाकडून शेळीची अख्खी छाती आणली. पाटावर नीट बांधली, सावल्या घेतल्या, तू हुकूम टाइप केलास. काळ्या खिडकीत ओळी पळाल्या आणि चित्र आलं. इतकं स्वच्छ, की प्रत्येक फासळी बोटानं मोजावी. मी खोलीत नाचले. तू नाचला नाहीस. हाताची घडी घालून बघत राहिलास. "मेलेलं हाये म्हणून बेस आलं," म्हणालास. "जितं माणूस श्वास घेतं. ते काय डबा नाय."

तिथून आपलं दुसरं भांडण सुरू झालं, आणि ते काही मिटलं नाही. सावल्या घ्यायला मिनिटभर लागतं. तेवढ्यात छाती वरखाली होते आणि चित्र तिथं फरकटतं, ओल्या शाईवरून हात फिरावा तसं. मी म्हणायची, पेशंटला दम धरायला सांगायचं. तू उसळायचास. "सोयगावची म्हातारी दम लागतो म्हणून तर आली ना? आन् तिला दम धर म्हणायचं?" तुला हुकुमातच काहीतरी घालून श्वास वजा करायचा होता. त्या साधनात तशी सोय होती. श्वास कधी आत, कधी बाहेर, हे सांगितलं तर ते हललेलं परत जागेवर आणायचा प्रयत्न करायचं. तू ते शिकलास, मला शिकवलंस. मला ते कधीच पटलं नाही. माणूस हलत होता हे खोडून काढलेलं चित्र खरं कसं, असं मी विचारायची, आणि तू म्हणायचास, "पाटलीणबाई, डॉक्टरला गाठ बघायची हाये. तत्त्वज्ञान नाय."

पुढचं तुला माहीत आहे. शहर वाढत होतं, कॉलेजही वाढायला निघालं. आपली खोली नव्या इमारतीच्या आड येत होती. आपला संच गेला, शिशाचं दार गेलं, आणि पाट होता तिथं आता लिफ्टचा खड्डा आहे. मी रोज त्या लिफ्टनं वर जाते. तू डबा तेवढा घरी घेऊन गेलास. तालुक्याच्या दवाखान्याचं नाव आपण पुन्हा काढलं नाही.

मग तुझा खोकला. तो इतके दिवस धुळीवर ढकलला गेला की काय सांगू. जालना रोडवर खोदकाम चालू होतं, सगळं शहरच खोकत होतं. डाव्या फुप्फुसात गाठ निघाली आणि तू तुझ्याच विभागात, तुझ्याच मशीनखाली आडवा झालास. तिथं रोज ट्रीटमेंटच्या आधी मशीन माणसाभोवती फिरतं, नेम बरोबर बसलाय का बघायला. त्याच त्या सावल्या. मशीनवरचं चित्र नेमापुरतं. तुला ते पुरेना. तू तुझ्या सावल्या मागून घेतल्यास आणि घरी बसून, काळ्या खिडकीत, स्वतःची छाती स्वतः मांडलीस. मला बोलावून दाखवलीस. "ही बघ. लिंबाएवढी." विद्यार्थ्याला दाखवावं तसं दाखवत होतास. मला पाणी पाहिजे म्हणून मी स्वयंपाकघरात गेले. लता तिथं भिंतीकडं तोंड करून उभी होती. 

पुढं छातीत पाणी झालं. तू हसलास. "सगळ्या जिल्ह्यात पाणी नाय, आन् टँकर माझ्या छातीत लागायला." डॉक्टरांनी सुई घालून ते काढलं, काढताना थोडी हवा आत गेली. तू दोन दिवस बरा होतास. नंतर परत दम लागायला लागला. आणि एका सकाळी तू मशीनखालून उठलास, शर्ट घातलास आणि मला फोन केलास की आता बास.

हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये मी तुला काय काय बोलले. पळपुटा म्हणाले. सगळे मुक्काम झाल्याशिवाय रस्ता चुकला म्हणायचं नाही असं तूच मला शिकवलंस, म्हणाले. तू कडुलिंबाखाली स्कूटरला टेकून उभा होतास, दोन शब्दांमध्ये थांबत होतास. ओरडायला तुझ्यात दम नव्हता, म्हणून मी दोघांच्या वाटचं ओरडले. तू खिशातून पेनड्राइव्ह काढून माझ्या हातावर ठेवलास. "आजच्या सावल्या हायेत. तू स्वतः मांड. मग बोल."

मी नाही मांडल्या. गाठ कमी झालेली दिसली असती तर तुला फरफटत परत आणावं लागलं असतं. नसती दिसली तर माझ्याकडं भांडायला काहीच उरलं नसतं. तू गावी गेल्यावर आपण फोनवर कूलरचं बोललो, ढगांचं बोललो. शेवटच्या फोनला तू एवढंच विचारलंस, "मांडलंस?" मी म्हणाले, वेळ नाही मिळाला. तू "बरं" म्हणालास. तुझ्या आवाजात राग नव्हता. असता तर मला आज जरा सोपं गेलं असतं.

परवा दुपारी लता आली, एसटीनं, पदरानं चेहरा पुसत. पाणी प्यायली, चहा नको म्हणाली. मी पंखा मोठा केला आणि कॉम्प्युटर लावला. आणि किसन, मी सावल्या एकेक करून बघितल्या. सगळ्या. तुझ्यासारखं, जणू वाड्याच्या दारात उभं राहून. लता शेजारी बसून त्या सावल्यांबरोबर तुझ्याभोवती फिरत होती. मधेच म्हणाली, "हात वर घेतलेत त्यांनी." हो, स्कॅनला हात डोक्यावर घ्यावे लागतात. ती बराच वेळ तुझ्या कोपरांकडंच बघत राहिली.

मग हुकूम टाइप केला. फाइलीचं नाव चुकलं, साधन ओरडलं. "काय म्हणतंय ते?" लतानं विचारलं. "शिव्या देतंय," मी म्हणाले. ती जरा हसली. परत टाइप केला. ओळी पळाल्या. त्या पळत होत्या तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की मी कुठलं उत्तर मागतेय ते मलाच माहीत नाही. गाठ लहान झाली असेल तर आम्ही तुला घालवलं. नसेल झाली तर तू पहिल्यापासून जाणारच होतास. यातलं देवाकडं मागावं असं काय आहे?

चित्र आलं. तुझी गाठ मला सापडलीच नाही. ती पाण्याखाली होती. डाव्या बाजूला पाठीपासून वर चढत आलेलं पाणी, त्याच्यावर हवेची थोडीशी काळी पट्टी, आणि मध्ये रेघ. आडवी, सरळ, पट्टीनं ओढल्यासारखी. सुईनं काढलेलं सगळं पाणी परत भरलं होतं, आणि आधीपेक्षा वर आलं होतं. तुझं ते फुप्फुस मुठीएवढं होऊन मधोमध चिकटून बसलं होतं. त्याला परत फुगवणारी मशीन कुठल्याच शहरात नव्हती. पाणी खोटं बोलत नाही. तू बरोबर होतास, आणि ते तुला सांगायला आता नंबर नाही.

आणि काय स्वच्छ चित्र आलं होतं, किसन. डावीकडची एक न् एक फासळी, पाण्याची कड, सगळं त्या शेळीसारखं. ती बाजू हलतच नव्हती.

"नाही चुकलं," मी लताला म्हणाले. "तुझं काही चुकलं नाही. उरलेली ट्रीटमेंट घेतली असती तरी हेच झालं असतं. चुलत्यांना माझ्याशी बोलायला सांग."

मला वाटलं ती सुटल्यासारखी रडेल. ती पडद्याकडं बघत राहिली. "म्हंजे करण्यासारखं कायीच नव्हतं?"

"काहीच नाही."

"मंग चुकलं असतं तर बरं व्हतं, ताई. माझ्या डोक्यावर आलं असतं. आता कुणाच्या डोक्यावर घालू?"

 वीस वर्षं मुलांना शिकवते, पण हे कुठल्या वर्गात येतं मला माहीत नाही. खाली कुणाच्या तरी बांधकामावर मिक्सर फिरत होता. मी उगाच चित्र पुढं-मागं सरकवत राहिले. उजव्या बाजूला, फुप्फुसाच्या तळाशी, सगळं फरकटलेलं होतं, आपलं नेहमीचं दुखणं. तुझा हुकूम आठवत होता. श्वासाचा हिशेब दिला असता तर ते बरंचसं निवळलं असतं. तू असतास तर माझ्या हातून कीबोर्ड ओढून घेतला असतास. मी तो हुकूम दिला नाही. हे भांडण आपण उघडंच ठेवू.

लता पुढं वाकली. पदराचं टोक बोटाला गुंडाळून तिनं पडद्यावर ती जागा पुसली. धूळ बसलीय असं वाटलं तिला. एकदा पुसली, फुंकर मारून परत पुसली.

"जात नाय वो, ताई."

"काचेवर नाही ते, लता," मी म्हणाले. "तिथं तो श्वास घेतोय."

तिनं बोटाचा पदर सोडला आणि त्या धुरकट जागेवर तळहात टेकवला. तिची सोयगावची गाडी निघून जायची वेळ झाली. मी घड्याळाकडं बघितलं आणि तिला उठ म्हणाले नाही.